ओले बिबडे

दोष माझ्या बापाचा. उकंडरावाचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं ऐकताना तुम्ही नशिबाला, करणीला नाहीतर उन्हाला बोल लावणार नाही. आमच्या गावात सगळे तेच करतात. म्हाताऱ्यांना सोडून बाकी सगळ्यांना बोल लावतात.

कंदील थोडा अलीकडे घ्या. ती पोटळी तिथंच राहू द्या, तिला हात लावू नका. सांगतो.

गेल्या वैशाखात मी बुलढाण्याचं कॉलेज सोडून घरी आलो. का सोडलं हे बापानं विचारलं नाही. घरात फुकटचा एक गडी वाढला, एवढंच त्यानं पाहिलं, आणि दुसऱ्याच दिवशी मला मोताळ्याच्या बाजाराला धाडलं. लसूण आण, तीळ आण, ओवा आण, आणि एक कोरं धोतर. आणलं. परतताना बैलगाडीत मागं पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. ऊन उतरत होतं, गाडीवान बिडी ओढत होता. लसणाचा आणि ओव्याचा वास एकदम नाकात गेला, आणि तेव्हा मला कळलं की हे सामान बिबड्यांचं आहे.

वैशाखात बिबड्यांचं सामान आणण्यात भिण्यासारखं काही नाही. पण त्या वर्षी आमच्या घरात बिबडे व्हायला नको होते.

आमच्याकडे बिबडे म्हणजे पावसाळ्याचा आधार. ज्वारी भिजवायची, आंबवायची, कांडायची. पहाटे अंगणातल्या चुलाणावर हंडा चढवायचा, पाण्याला उकळी आली की तीळ-लसूण घालून पीठ सोडायचं आणि लाकडी दांडक्यानं हाटत राहायचं. त्याला बाईचे खांदे उतरतात. मग तो गरम गोळा ओल्या धोतरावर टाकायचा, हात पाण्यात बुडवून गोल पसरायचा, आणि धाब्यावर, घराच्या मातीच्या सपाट छपरावर, उन्हात वाळवायचा. कोठी भरून ठेवली की पाऊस पडो नाहीतर घरातल्या साऱ्या बाया दिवसभर निंदणात असोत, संध्याकाळी ओल्या लुगड्यानं घरी आल्या की दोन बिबडे निखाऱ्यावर भाजायचे, वरणात मोडायचे, झालं जेवण. आमचं घर मोठं, वावर मोठं, चूल पेटवायला सवड कोणालाच नाही. वैशाखातले ते आठ-पंधरा दिवस वर्षभर जेवू घालायचे.

आणि ते सगळं एकटी झुंबरकाकू करायची. माझ्या मेलेल्या काकाची बायको. पोर नाही, बाळ नाही. वीस वर्षं तिनं या घराला खाऊ घातलं आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसली. कडबा कापताना तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट पेरापासून गेलं होतं. त्यामुळे तिचा बिबडा लगेच ओळखू यायचा. पसरताना बोटांच्या गोल रेघा उमटतात ना, तिच्या बिबड्यावर मधली रेघ अर्ध्यातच संपायची. लहानपणी मी ढिगातून तेच शोधून खायचो.

पौषात तिच्या अंगावर सूज चढली. बापानं एकदा पाहिलं आणि सहदेवला सांगितलं, हिला दुसरबिडाला माहेरी सोडून ये. सहदेव माझा थोरला भाऊ. बापानं विहिरीत उडी मार म्हटलं तर फक्त चप्पल काढू का एवढं विचारील. त्यानं तिला एस.टी.त बसवलं. बापाचा हिशोब सरळ होता. इथं मेली तर सुतक आपलं, दिवस आपले, आणि मोठी गोष्ट म्हणजे वर्षभर घरात वाळवण बंद. ज्या घरातलं माणूस जातं त्या घरात त्या वर्षी बिबडे, शेवया, कुरडया काही टाकत नाहीत. भाऊबंद आपल्या हंड्यात चार मुठी जास्त घालतात आणि टोपली भरून आणून देतात. आमचे भाऊबंद म्हणजे शेजारचा उत्तमराव. बांधावरून बाप त्याच्याशी दहा वर्षं बोलत नव्हता. त्याच्या टोपलीतलं खायची वेळ येऊ नये, म्हणून आजारी बाई घराबाहेर काढली.

माघात ती गेल्याचा निरोप आला. बापानं विहिरीवर आंघोळ केली आणि वावरात गेला. दिवस नाही, तेरावं नाही. ती दुसरबिडात मेली, ज्याच्या दारात मेली त्याचं सुतक, एवढं बोलून त्यानं विषय संपवला. आता मला सांगा, लेक एकदा दिली की ती सासरची, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बापाला माहीत नव्हतं? आईला नव्हतं? गावाला? सगळ्यांना होतं. कोणी बोललं नाही. मोठं माणूस बोललं की आमच्याकडे सगळे जमिनीकडे बघतात, जमिनीवर काही लिहिलं असल्यासारखे.

बोलली एकटी आशाबाई, उत्तमरावाची बायको. मी बाजारातून आलो तेव्हा ती दारातच उभी होती. डोक्यावरचा पदर सावरून बापाला म्हणाली, “यंदा तुमचे बिबडे आमी टाकतो, भाऊ. तुमच्या घरी चुलाण पेटवू नोका. झुंबराबाईले वरीस होऊ द्या.”

बाप खाटेवरून उठलासुद्धा नाही. “आमच्या घरी कोनी मेलं काय? लोकाच्या हातचं खायाची पाळी नाही आली आमच्यावर अजून.”

आशाबाईनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं, आणि गेली.

ज्वारी भिजवून, आंबवून, कांडून झाली आणि एका पहाटे हंडा चढला. आई पीठ सोडत होती आणि हाटत होती माझी वहिनी, सहदेवची बायको, कोकिळा. तिला सातवा महिना. पहिलटकरीण, खरं तर माहेरी जायला हवी होती. पेरणी झाल्यावर पाहू, असं बाप म्हणाला होता. मी जवळ जाऊन दांडकं मागितलं तर हसली.

“राहू द्या भाऊजी. तुमी कॉलेज शिकले, कावळे हाका धाब्यावर. तेच्यात नोकरी पक्की हाय.”

मग हाटता हाटता एकदम थांबली. दांडकं मात्र थांबलं नाही. एक पुरा फेरा ते तिच्या हातांना ओढत फिरलं आणि मग उभं राहिलं. चुलाणाच्या उजेडात मी ते पाहिलं. वाफेत आपली पाहण्यात चूक झाली असेल असं वाटलं.

“हलकं लागून राह्यलं...” ती हळूच म्हणाली. “पलीकडून कोनी धरल्यावानी.”

मी दांडकं धरून पाहिलं. पिठात रोवल्यासारखं घट्ट. दोन्ही हातांनी जोर लावला तरी बोटभर सरकेना. तिनं हात लावला आणि ते ताकात रवी फिरावी तसं फिरू लागलं. आई हे बघत होती. तिनं पदर तोंडाशी धरला आणि पीठ सोडत राहिली.

दिवस वर आला तसं आम्ही धाब्यावर धोतरं पसरून बिबडे टाकले. बाया खाली गेल्या, मी राखणीला राहिलो. एक खाट आडवी उभी करून तिच्या सावलीत बसलो, हातात काठी. तुम्हाला आमच्याकडचं वैशाखातलं दुपारचं ऊन माहीत आहे का? गावात आवाज म्हणून राहत नाही. कुत्री विहिरीच्या ओलीत पोट टेकून पडतात. दारं लागतात. रस्ता पांढरा दिसायला लागतो आणि त्याच्याकडे जास्त वेळ बघितलं तर त्यावर कोणीतरी चालत येतंय असं वाटतं. लोक रात्रीला भितात. मी म्हणतो, रात्री निदान माणसं जवळजवळ झोपलेली असतात. दुपारी तुम्ही एकटे असता.

कावळे आले. उत्तमरावाच्या धाब्यावर, लिंबावर, आमच्या कडेच्या भिंतीवर ओळीनं बसले. मी काठी उचलून बसलो. एकही खाली उतरला नाही. ओल्या बिबड्यावर कावळा तुटून पडतो, पोरं राखणीला बसवतात ती उगाच नाही. हे नुसते बसले होते. चोच उघडी, धापा टाकत, आणि सगळ्यांचे डोळे बिबड्यांवर. थोड्या वेळानं मी काठी खाली ठेवली. मग एक बिबडा तोडून त्यांच्या दिशेनं फेकला. जिथं पडला तिथले कावळे मागं सरकले.

दुपार कलल्यावर पाहिलं तर सगळे बिबडे हाडासारखे वाळलेले. एक सोडून. धोतराच्या कोपऱ्यातला एक ओला होता, आत्ता टाकल्यासारखा. बोट लावलं आणि मागं घेतलं. पायाखालचा धाबा तव्यासारखा तापलेला, आणि तो बिबडा रांजणाच्या तळासारखा गार. त्यावर बोटांच्या रेघा होत्या. मधली अर्ध्यातच संपलेली.

दुसऱ्या दिवशी असे बिबडे वाढले.

तिसऱ्या दिवशी मी दुपारी जेवायला खाली आलो. घरात अंधार, सगळे पडलेले. मी भाकरी मोडली आणि वर आवाज आला. थप्प. मग सर्र... असा पाण्यातला हात कापडावर फिरल्यासारखा. थोडं थांबून पुन्हा थप्प. सर्र... धाब्याच्या लाकडांमधून मातीची बारीक धार माझ्या ताटात पडत होती. एका जागी पडायची, थांबायची, मग हातभर पुढं पडायची. वर कोणीतरी उकिडवं बसून पुढं पुढं सरकत होतं.

मी आईकडे पाहिलं. ती जागी होती. डोळे वर लावून ती मातीची धार बघत होती.

“आई... वर कोन हाय?”

“जेव तू,” ती म्हणाली.

मी शिडीनं वर गेलो. कोणी नव्हतं. ज्या नव्या कोऱ्या धोतराची आम्ही अजून घडीही मोडलेली नव्हती, ते पसरलेलं होतं आणि काठोकाठ बिबड्यांनी भरलेलं. त्या भाजणाऱ्या हवेत मिश्रीचा वास होता. काकू मिश्री लावायची. पाण्याच्या भांड्याच्या काठावर ओला पंजा उमटलेला होता, तो माझ्यासमोर वाळला. कावळे भिंतीवर तसेच बसले होते.

आणि खाली उतरलो तर शिडीपाशी कोकिळावहिनी उभी. पदरात ओला बिबडा, तोंडात घास. अर्धओला बिबडा पोटुशी बाईला आवडतोच, त्यात नवल नाही. मी झडप घालून तो हिसकावला तर ती पोरीसारखी रुसली.

“असू द्या ना भाऊजी. पोटात आग पडते, याच्यानं गार वाटते.”

“वहिनी, हा तुमी टाकला काय?”

“नाही.” तिनं सरळ सांगितलं, जसं कोणी टाकला हे सगळ्यांनाच माहीत असावं. “जाताना बोलली होती मले. तू दांडक्याले हात लावू नोको, बिबड्याच्या आंधी मी येतो म्हनून. आली.”

तिचा हात माझ्या हाताला लागला होता. त्या उन्हाळ्यात तो मडक्यासारखा गार होता.

त्या संध्याकाळी मी सगळे ओले बिबडे गोळा केले. बैलापुढं टाकले, बैल दावं ताणून मागं गेला. मग टोपली उचलून नळगंगेच्या कोरड्या पात्रात नेली, कोपरभर खोल वाळू उकरली आणि पुरले. वर दगड ठेवला. सकाळी कोकिळावहिनी चुलाणापाशी बसून काहीतरी चावत होती. दाताखाली करकर वाजत होतं. तिच्या ओठाला वाळू लागलेली होती.

मी बापाला धाब्यावर नेलं. त्याला ती धोतरं दाखवली, रेघा दाखवल्या, हात लावायला लावला. त्यानं हात लावला आणि धोतराला पुसला. एक बिबडा उचलून भिंतीवर ठेवला, कावळ्यांपुढं. कावळे उडून उत्तमरावाच्या धाब्यावर गेले आणि तिथून बघत राहिले. बाप माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता बोलेल. बोलला.

“हायब्रीड ज्वारी हाय. तिले ओल धरते.”

असा बाप. मेलेली बाई दुपारी येऊन त्याच्या घरचं काम करून जाते आणि हा बियाण्याला दोष देतो.

त्या रात्री सहदेवला मी सांगितलं की वहिनीला चिखलीकडे तिच्या माहेरी सोड. तो म्हणाला, बाबाला विचारतो. विचारलं. बाप म्हणाला, कामाच्या दिवसात कोणी कुठं जाणार नाही. सहदेव परत येऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि जमिनीकडे बघत राहिला. काकूला पोचवायला याच माणसाला याच बापानं एका शब्दात धाडलं होतं.

तेव्हा मी कोणाला न विचारता दुसरबिडाला गेलो. काकूचा भाऊ कडूबा. पांढऱ्या मिशा, कोरडं बोलणं. त्यानं मला पाणी दिलं आणि परसात नेलं. लिंबाच्या फांदीला एक मडकं टांगलेलं होतं, तोंडाला फडकं बांधलेलं.

“आमी जाळलं. राख सावडली. बाकी करनं सासरच्याचं. आज येतीन, उद्या येतीन म्हनून ठेवलं.”

म्हणजे तिचं कोणीच काही केलं नव्हतं. आम्हाला वाटलं तिकडे झालं, त्यांना वाटलं आम्ही येऊ. मी म्हटलं, मडकं द्या, मी नेतो, मी करतो. कडूबानं मान हलवली.

“तुह्या बापाले येऊ दे. त्यानं माह्या दारात येऊन म्हनावं, ते आमची होती म्हनून. मंग ने.”

मी हात जोडले. घरात पोटुशी बाई आहे म्हटलं, काय चाललंय ते सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, डोळ्यांत पाणीही आणलं, आणि पुन्हा तेच वाक्य बोलला. दोन म्हाताऱ्यांच्या मिशांच्या मधे काकू त्या फांदीला टांगलेली होती. वारा नव्हता तरी मडकं थोडं हलत होतं.

घरी आलो ते थेट बापासमोर उभा राहिलो. आयुष्यात त्याच्यापुढं मी इतकं हळू कधी बोललो नव्हतो.

“बाबा, तुमी नुसतं चला. दारात उभे राहा. दोन शब्द बोला. वहिनीचे दोन जीव हायेत.”

“मी? त्या कडूबाच्या दारात?”

“हो.”

“अन् मंग गावात सांगू काय, उकंडरावानं आजारी बाई काढून देल्ली म्हनून?”

“गावाले माहीत हाय, बाबा.”

“माहीत असनं येगळं अन् आपुन सांगनं येगळं. जाय. कावळे हाक.”

आई दाराआड उभी होती. मी तिच्याकडे वळलो तर म्हणाली, मी सांगून थकले रे, आता तूच पाह्य. मला तर ती एकदाही सांगताना दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी वहिनीची पिशवी भरली आणि तिला घेऊन फाट्यावर गेलो. बाप वावरात होता. मोठी बाभूळ होती, तिच्याखाली उभे राहिलो. गाडी दिसली, धूळ दिसली. मी हात केला, गाडी थांबली, कंडक्टरनं दार उघडलं. वहिनीनं पायरीवर पाय ठेवला आणि खाली घेतला.

“भाऊजी, हंडा चढवेल हाय.”

“आई बघन. चला तुमी.”

“आत्याबाईच्यानं हाटनं होत नाही.” तिनं गावाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर घाम म्हणून नव्हता. “काकू एकटी हाय... तिनं मह्यासाठी एवढं केलं. मी अशी टाकून कशी जाऊ?”

मी तिचा दंड धरला. ती ओढून घेईना, की येईना. नुसती उभी राहिली. कंडक्टरनं शिवी दिली आणि घंटी मारली. गाडी गेली. वहिनी माझ्या पुढं पुढं घराकडे चालत होती, सातव्या महिन्याची बाई, त्या उन्हात, आणि तिची चाल मला धरता येत नव्हती. अख्ख्या जन्मात या घरातलं एकटं माणूस तिच्याशी नीट वागलं होतं. त्या एका माणसाची ती बाजू सोडत नव्हती. आम्ही जिवंत होतो, पण आमच्यात असं कोण होतं ज्याच्यासाठी तिनं गाडीत बसावं?

कोठी भरली. गेल्या कोणत्याही सालापेक्षा जास्त भरली. बापानं वरून शेणमातीनं तोंड लिंपलं आणि गावभर सांगितलं, यंदा बरकत आहे.

पाऊस लागला. बाया निंदायला जायच्या, संध्याकाळी यायच्या, बिबडे भाजायच्या. आमच्या वाट्याला वाळलेले यायचे. वहिनीच्या ताटात दरवेळी ओला. तो निखाऱ्यावर ठेवला तर निखारा विझायचा. ती तसाच खायची. भाकरी सुटली, वरण सुटलं. वैद्यानं नाडी पाहिली आणि आपला हात पंच्यात गुंडाळून घेतला, म्हणाला, अंगात वात शिरला. आईनं तिच्या पोटावर हात ठेवून पाहिला एकदा. नंतर ठेवला नाही.

आषाढात, भर दुपारी, पाऊस कोसळत असताना तिला कळा सुरू झाल्या. सुईण आत होती. आम्ही तिघं बाप-लेक ओसरीवर. आतून ओरडणं नाही, कण्हणं नाही. फक्त पावसाचा आवाज. आणि मग त्या पावसातही मला वर धाब्यावरून ऐकू आलं. थप्प. सर्र... एवढ्या पावसात धाब्यावर. सहदेवनं ऐकलं. बापानंही ऐकलं, त्याची मान वर गेली आणि तशीच राहिली.

आवाज थांबला तेव्हा सुईण बाहेर आली. पोरगा होता. रडला नाही. पूर्ण दिवसांचा, नाकीडोळी नीटस, आणि गार. ती म्हणाली की आताच गेला असता तर कोमट असता. हा कधी गरम नव्हताच. वहिनी आत भिंतीला टेकून बसली होती. तिच्या अंगात मात्र ऊब परत येत होती, कपाळावर घाम फुटला होता. तिनं विचारलं, “काकू घेऊन गेली काय त्याले?” मग तीच म्हणाली, “चांगलं झालं. तिले पोर नव्हतं.”

बापानं पोराला नळगंगेकाठी पुरलं. आणि दुसऱ्या दिवशी, कोणी न सांगता, एस.टी.त बसून दुसरबिडाला गेला. मडकं घेऊन आला. राख नदीत सोडली. तेरावं घातलं, भाऊबंद बोलावले, उत्तमरावाला स्वतः बोलवायला गेला. पिंड मांडला आणि सगळ्या गावासमोर मोठ्यानं बोलला, “झुंबर आमची होती. आमच्या घरची होती.” काठावरच्या बाभळी कावळ्यांनी काळ्या झाल्या होत्या. बाप पुन्हा बोलला. मग हात जोडून बोलला. पाऊस थांबून ऊन पडलं, ऊन कललं. एकही कावळा खाली आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळे मान खाली घालून जेवायला गेले.

मी त्यानंतर घर सोडलं. इथं मलकापुरात जिनिंगवर लागलो, ते तुम्हाला माहीत आहे. कोकिळावहिनी माहेरी गेली ती परत आली नाही.

यंदा वैशाखात आमच्याकडे हंडा चढला नाही. आशाबाईनं टोपली दिली आणि बापानं ती दोन्ही हातांनी घेतली. ती कोठीत ओतायला म्हणून आईनं कोठीचं वरचं लिंपलेलं तोंड फोडलं. खालच्या तोंडानं काढून वर्षभर खाल्लेली कोठी. काठोकाठ भरलेली होती.

परवा सहदेव कापूस घेऊन आला तेव्हा आईनं माझ्यासाठी ही पोटळी धाडली. आशाबाईचे बिबडे हायेत म्हणाली, बिनघोर खा. वरचे वाळलेले आहेत. पण पोटळीखालचं फडकं बघा. भिजलंय. खालची फरशीही भिजलीय. मी काल एकदा उघडून पाहिलं. तळाशी एक ओला आहे. त्यावर गोल रेघा आहेत, मधली अर्ध्यातच संपलेली. आणि त्या रेघांच्या शेजारी, कोणीतरी हात धरून टेकवायला शिकवल्यासारखा, एक पंजा आहे. माझ्या अंगठ्याएवढा.

बाप अजून वावरात जातो. जेवतो, झोपतो, ज्वारीचा भाव विचारतो. त्याचा एक नातू गेला.